पट्टा

अमेरिकेतल्या दोघा वनस्पतीशास्त्रज्ञ बापलेकांनी फार पूर्वी एका झाडाचं बी रानातून आणून आपल्या बागेत रुजवलं. पुढे रानातलं ते झाड कायमचं गेलं. आज जगात आहेत ती सगळी त्या बागेची लेकरं.

तिथे शिकायला गेलेल्या वैष्णवीने त्याची एक फुललेली डहाळी आईला पाठवली. पाकीट खारघरला पोचलं, तेव्हा वैष्णवीचं तेरावंही उरकलं होतं.

तिची आई नमिता कॉलेजात बॉटनी शिकवायची. तिने डहाळी दाबून वाळवायला वर्तमानपत्रात ठेवली, वर-खाली फळ्या लावल्या आणि पट्टा आवळला. डहाळी वाळेपर्यंत कागद रोज बदलायचा असतो. आठवडाभरात काम होतं.

उन्हाळा सरत आला, तरी रोज कागद ओलाच निघत होता.

"खाडीची हवा, दुसरं काय," नमिता म्हणायची.

आज ती कागद बदलत असताना नवरा, दिपेश, जवळ उभा होता. डहाळी केव्हाच वाळून कुरकुरीत झाली होती. काढलेला कागद मात्र चिंब होता, आणि कोमट.

"नमू, बस झालं आता," म्हणत त्याने नुकताच आवळलेला पट्टा सोडला.

फळ्यांमधून एक लांब श्वास सुटला. खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन सोडतं, तसा.

"अरे, सोडू नकोस! जाईल ना ती!"

नमिताने त्याला ढकललं, फळ्यांवर गुडघा रोवला आणि पट्टा पुन्हा आवळला. रोजच्यापेक्षा एक भोक पुढे.