हत्तीला नमस्कार

आफ्रिकेतल्या त्या खासगी जंगलात हत्ती आमच्या उघड्या जीपला जवळजवळ घासूनच गेला. गाइडनं आधीच बजावलं होतं, त्यामुळे कुणी हललं नाही. हत्ती झाडीत शिरला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. शेजारी बाबा त्याच्या पाठीकडे बघत हात जोडून बसले होते.

“बाबा, गणपती समजून हात जोडले का?” मी हसून विचारलं.

“नाही गुंजन. भिलाईले मिलमधी शिफ्ट सुटली का क्रेनवाल्या भैयालालले असेच जोडत होतो. एवढं लोखंड दिवसभर आमच्या जवळून न्यायचा. त्यानं कधी केसाले धक्का लागू देला नाही, म्हणून तं आज तुह्यासंग हत्ती पाहून राहिलो.”