व्हिएन्ना ते लिस्बन

"तेवीसशे किलोमीटर आहे रे. पावणेचार तास तरी लागतील," सुमित्राबाई फोनवर म्हणाल्या. "बोर्डिंग सुरू झालंय."

"म्हणजे तोवर फोन बंद?" सत्यजितने विचारलं.

"बंदच. विमानात कसला फोन!"

"बरं. आणि व्हिडिओ नको करूस हं आई, माझं नेट स्लो आहे."

"नाही करत. रुहीला दे ना जरा."

"ती स्विमिंगला गेलीय. अंतरा घेऊन गेलीय तिला. तू उतरलीस की मीच कॉल करतो. एन्जॉय कर यार आई, बाबांनी किती हौसेनं ठरवली होती ही ट्रिप."

फोन ठेवून सुमित्राबाई पलंगावरून उठल्या आणि बेडरूमचा पडदा आणखी घट्ट ओढून घेतला. बाहेर अमेरिकेतल्या त्यांच्या पार्सिपनी गावातला शनिवार सुरू झाला होता. समोरच्या घरी कुणीतरी गवत कापत होतं.

त्यांचे यजमान दिगंबरराव वारले तेव्हा युरोपचं बुकिंग झालेलंच होतं. "तू चल गं, आम्ही सगळ्या आहोत ना," असं मैत्रीण शोभना म्हणाली, म्हणून सुमित्राबाईंनी मान डोलावली. पण दोघांसाठी घेतलेली बॅग एकटीनं भरवेना. निघायला चार दिवस उरले असताना त्यांनी गुपचूप कॅन्सल केलं.

सत्यजितला मात्र सांगवलं नाही. बाबा गेल्यापासून प्रत्येक फोनला त्याचा एकच प्रश्न, "एकटी काय करतेस दिवसभर?" ट्रिपचं ऐकून त्याचा आवाज कसा मोकळा झाला होता! तिकडे विमानानं चार तासांवर अर्विंगला त्याचा बायको-लेकीचा भरला संसार. त्यात आईचा घोर कशाला?

म्हणून आज नववा दिवस, त्या स्वतःच्याच घरात लपून राहत होत्या. रोज सकाळी पुढच्या शहराचं अंतर बघायचं, विमानाला किती वेळ लागतो ते कागदावर टिपायचं, बोलताना चूक नको. दारावरची बेल वाजली तर हलायचं नाही. वरणभात खायचा आणि वरच्या खोलीत पडून राहायचं.

दुपारी दोनच्या सुमाराला खाली कुलपात किल्ली फिरली.

सुमित्राबाई पलंगावर उठून बसल्या. दार उघडलं, लागलं. काहीतरी जड सामान फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघरात नळ सुटला, एकच खुर्ची सरकली.

पोलिसांना बोलवावं, तर ते आधी मुलालाच कळवतील. मुलाला सांगावं, तर आपण घरात कशा?

हातातला फोन थरथरला. सत्यजित. त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

"उतरले रे," त्या कुजबुजल्या.

"छान! आवाज का इतका बारीक?"

"गर्दी आहे इथे. तुमचं काय चाललंय?"

"आम्ही आत्ता जेवायलाच बसतोय. अंतरानं भरली वांगी केलीयत. रुही माझ्या मांडीवर बसून छळतेय नुसती." तो थोडा हसला. "इकडे सगळं मजेत आहे, आई. तू आमची काळजी करू नकोस."

सुमित्राबाईंना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला. आधी खालच्या स्वयंपाकघरातून, मग फोनमधून.