नऊ ग्रॅम

दहा किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं, तर आकडा आला नऊ किलो नऊशे एक्याण्णव ग्रॅम.

"तुमचं वजन झिजलंय, बाई," दादा म्हणाला. चांदीच्या या कारखान्यात वीस वर्षं तो काट्यावर बसलेला. लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणत.

काटा तपासायला आलेली बाई हसली. वजन कालच तपासून आणलंय, म्हणाली. काटा जुळवलाय खाली मैदानात, आणि बसवलाय इथे डोंगरमाथ्यावर. एवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जराशी कमी पडते. वस्तू असते तेवढीच, काट्यावर तिचा भार मात्र कमी भरतो. म्हणून काटा बसवला की जागेवरच पुन्हा जुळवून घ्यायचा.

"तीन महिन्यांपूर्वी बसवलात ना? तेव्हा नाही का जुळवला?"

नव्हता जुळवला. कोरा करकरीत काटा, वर कंपनीचं सील; ते तोडायचं दादाच्या जिवावर आलं होतं. जुना दोन पारड्यांचा तराजू असा फसला नसता. त्यात ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच होते.

आणि इथे तीन खेपांना तीन लगडी आल्या होत्या, खालून बरोब्बर दहा किलो भरून निघालेल्या. तिन्ही नऊ ग्रॅमनी कमी. नऊ ग्रॅम चांदी म्हणजे किती, तर एक बरी अंगठी. गाडीवर होता दादाचा सख्खा धाकटा भाऊ. मालकांनी सांगितलं नव्हतं, तरी दादाने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, बूट काढायला लावले, खिसे उलटे करायला लावले. सापडलं काहीच नाही. तरी भाऊ म्हणून पाठीशी घालणार नाही, असं दादाने ताठ मानेनं सांगितलं. धाकट्याची नोकरी गेली. आठवड्याभरात तो बायकोला घेऊन वेगळा झाला.

"दर वेळी नऊच?" बाईने विचारलं. "चोर एवढा मोजूनमापून कशाला चोरेल?" आणि ती काटा जुळवायला लागली. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर जाऊन त्याने धाकट्याला फोन लावला. उंची, ओढ, सील, सगळं एका दमात सांगून टाकलं. चुकलो, म्हणाला. धाकट्या भावाची माफी मागायची त्याच्यावर जन्मात वेळ आली नव्हती. धाकट्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. चूक सापडली हे बरं झालं, असंही म्हणाला.

"काटा चुकला, दादा, ते समजलं मला. पण मी घर सोडलं ते त्यापायी नाही. त्या दिवशी घरी येऊन तू कपाटाला कुलूप घातलंस. तिथे कुठला काटा होता?"

किल्ली अजून दादाच्याच खिशात होती.