तेवीस वाचक

बी.एड.च्या सराव पाठांसाठी माया जुन्या शहरातल्या शाळेत आली आणि आल्या आल्या सातवीच्या मुलांच्या लेखांचा ब्लॉग काढून बसली. "वाचते कोण हे?" वर्गशिक्षक हसले होते. महिनाभर तिलाही तोच घोर होता. आज मात्र आरतीच्या 'माही ओळख' या लेखाखाली वाचकांचा आकडा दिसला, तेवीस! मायानं भर वर्गात टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत आरती हळूच जवळ आली. "मॅडम, तेवीस लोकं नाहीत. माही माय एकलीच हाये. मी वाचाले शिकवून राहिली तिले. रोज मोबाइलवर माहा लेख उघडते, अक्षर अक्षर लावते."

"मग, झाला का वाचून?"

"काल झाला. आता दीपमालाचा घेतला. पुरा वर्ग वाचीन म्हणते."