वायरीतला डोंगर

"सेल काढू नको बाप्पा," विमलबाई म्हणाल्या. पण तोवर निवृत्तीनं सेल काढलेही होते.

खाटेवर दोन कॅल्क्युलेटर पडले होते. मध्ये हातभर काळी वायर. एक निवृत्तीचा, दुसरा त्याच्या वर्गमित्राचा, भास्करचा. भास्कर पुण्याला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलात कावीळ झाली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. रोहिणखेडला घरी त्याची पेटी आली. तीत हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर होता. चालू केला की काचेवर चित्र उमटायचं: गावामागचा डोंगर, त्याच्या कडेला एक वाकडं झाड. ठिपके जोडून काढलेलं.

वर्ष झालं, त्याची आई विमलबाई रोज तो समोर घेऊन बसायच्या. त्याच्याशी बोलायच्या. म्हैस व्याली, विहिरीचं पाणी आटलं, सगळं सांगायच्या. धाकटी लेक सिंधू बारावीला होती. तिनं हात लावला की अंगावर यायच्या. "ठेव ते! माह्या लेकाच्या हातचं हाये."

चित्र पुसलं जाईल या धाकानं त्यांनीच निवृत्तीला बोलावून घेतलं होतं. वायर लावून तो ते आपल्या कॅल्क्युलेटरमध्ये उतरवून घेणार होता. पण वायर जोडताच भास्करच्या कॅल्क्युलेटरनं नवे सेल मागितले. सेल बदलेपर्यंत आतला बटणाएवढा सेल सगळं धरून ठेवतो, हे निवृत्तीला ठाऊक होतं. तो सेलही मेलेला असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

नवे सेल बसले. काच चालू झाली. कोरी.

"काकू..." त्यानं काच त्यांच्यापुढं धरली.

विमलबाई ओरडल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या. "दुसऱ्यांदा गेला रे माहा भास्कर."

सिंधू चुलीपुढून उठली. पिठाचे हात पुसून खाटेवर बसली आणि तिनं भावाचा कॅल्क्युलेटर मांडीवर घेतला. आज तिला कोणी अडवलं नाही. ती एकेका ठिपक्याचे आकडे भरू लागली. कुठं पाहून नाही, कुणाला विचारून नाही. मध्येच एकदा थांबली, डोळे मिटले, पुन्हा भरू लागली. काचेवर डोंगर चढला, उतरला. शेवटी वाकडं झाड आलं.

"घ्या भाऊ, पाठवून राह्यली मी."

निवृत्तीनं आपलं बटण दाबलं. डोंगर वायरीतून पलीकडे गेला.

विमलबाई गुडघ्यांवर पुढं सरकल्या. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या. झाड तेच. त्याच बाजूला कललेलं.

"भास्करनं शिकवलं व्हतं तुले?"

"नाही, आई. दादाले कुठं चित्र येत व्हतं? दिवाळीत आला तवा मले हे खेळाले देल्लं त्यानं. मीच काढलं व्हतं. त्याले आवडलं, म्हणून ठेवलं त्यानं."

विमलबाईंचा हात काचेवर होता, तो तसाच राहिला.

"मंग वर्षभर सांगतलं काऊन नाही, पोरी?"

सिंधू वायर गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तू त्याच्याशी बोलत व्हती, आई. माह्याशी कुठं बोलत व्हती?"