तुरटीचं पाणी

"चांगले जंतू पुन्हा गेलेत," रिपोर्ट पुढे सरकवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या दोघांनी घेतल्या ना?"

"एक दिवस चुकला न्हाई, मॅडम."

भागवत खोटं बोलत नव्हता. आपल्याकडूनही वाईट जंतू बायकोकडे जातात हे ऐकून त्याला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण राजेश्रीसाठी त्याने तिन्ही कोर्स मुकाट्याने पुरे केले होते.

"हे जंतू राखणीला असतात. ते टिकले तर दिवस राहायला मदत होते. आतून धुवायला तुरटी, कडुलिंब असलं काही वापरलं की ते मरतात. पहिल्याच दिवशी दोघी सासूसुनांना सांगितलं होतं मी. ऐकलेलं दिसत नाही."

भागवतला न्हाणीतला रोजचा वास आठवला. तुरटी आणि कडुलिंब. आईचा जुना इलाज!

परभणीहून गंगाखेडपर्यंत गाडीत जागा असून तो उभाच राहिला. लग्नापासूनची सात वर्षं तो अडकित्त्यात सापडला होता. दिवाळीपर्यंत कूस उजवली नाही तर सून माहेरी धाडायची, असं आईने, कडूबाईने, बजावलं होतं. दुसरी मुलगीही हेरून ठेवली होती. राजेश्री ना भांडायची, ना रडायची. खाली मान घालून, माहेरच्या गावाचं नाव घेऊन एवढंच विचारायची, "मला कवा सोडताय राणीसावरगावला?"

ते ऐकून तो विषय बदलायचा. जीवच तेवढा होता तिच्यावर. गिरणीलासुद्धा तो तिला एकटी जाऊ देत नसे. तिचं डीएडचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच्या कपाटात कुलूप लावून जपलं होतं.

घरात पाऊल टाकताच तो आईवर बरसला. "तुज्या तुरटीच्या पाण्यानं घात केला! कशाला देतीस तिला?"

जवारी निवडणारे कडूबाईचे हात थांबले.

"म्या? मला काय नातू नकोय व्हय रं? डाक्टरबाईनं नको म्हणल्यापासून म्या त्या पाण्याला हातबी लावला न्हाई. तीच उकळती रोज. मला म्हणली, आता मॅडमनंच चालू करायला सांगितलंय."

भागवतने वळून पाहिलं. राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आज तिची मान खाली नव्हती.

"मला कवा सोडताय राणीसावरगावला?" तिने विचारलं.