बेचाळिसावी फट

बिश्केकच्या आमच्या ऑफिसात दारासमोरची, भिंतीला टेकलेली खुर्ची वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाची. तिथे आमच्या साहेबीण बुरुल-एजे, म्हणजे बुरुलताई, बसायच्या, खांद्यावर शाल, हातात चहा. गार वाऱ्याच्या झोताची त्यांना भारी धास्ती.

त्या दुपारी मी सर्व्हरवर सुरक्षेचं अपडेट चढवत होतो. कुठल्या प्रोग्रॅममधली सुरक्षेची कुठली फट बुजली, त्याची यादी स्क्रीनवर सरकत होती. एकेचाळीस फटी, एकेचाळीस वेळा 'बंद'.

मग बेचाळिसावी ओळ आली. 'बुरुल-एजेंच्या पाठीमागची भिंत: उघडी.'

"कुणाचा चावटपणा हा?" मी विचारलं.

"माझा नाही रे बाबा," शेजारचा मेलिस वाकून वाचत म्हणाला. "मला अजून नोकरी करायची आहे."

एजेंनी शाल मानेभोवती ओढली. "टवाळक्या पुरे. आधी ती खिडकी लावा. सकाळपासून मानेवर वारा येतोय."

खिडकी बंदच होती. एजेंच्या पाठीमागे नुसती भिंत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान एकसारखं फडफडत होतं.

मी अपडेट पुन्हा चालवलं. एकेचाळीस ओळी भराभर गेल्या. शेवटची मात्र बराच वेळ अडून राहिली, आणि मग उमटली.

'बंद करता येत नाही. वापरात आहे.'

मेलिसचं हसू विरलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. फटीत मागून कुणी येऊन उभं राहावं, तसं कॅलेंडरचं पान एकदम स्थिर झालं.

"लावलीत ना खिडकी?" एजे चहाचा घोट घेत म्हणाल्या. "बघा, थांबला वारा."